पडद्याची अब्रू

ताईच्या स्टुडिओतला पडदा तिच्या वडिलांनी स्वतः रंगवला होता. जाड कॅनव्हास, त्यावर बाग, बागेत पांढरे खांब, खांबांमागे तळं, आणि तळ्यावर असा काही निळसर राखाडी उजेड, की ही सकाळ आहे का संध्याकाळ हे खुद्द वडिलांनाही कधी सांगता आलं नाही. वस्तीतला एकही माणूस असा नव्हता, जो त्या तळ्याकाठी ताठ उभा राहून, श्वास रोखून, फोटो काढून गेला नव्हता. बाळं तिथे रडली, नवरा-नवरी तिथे अवघडून उभी राहिली, म्हातारे नवा कोट घालून तिथेच खुर्चीवर बसले. वडील गेले, स्टुडिओ ताईकडे आला. पण पडदा बदलायचा विषय कुणी काढला की तिचं डोकं फिरायचं. वडिलांच्या हातचं म्हणावं असं तेवढंच तर तिच्याकडे उरलं होतं!

आता असल्या सोज्वळ पडद्यावर बालंट आलं, ते ताईच्याच हौसेपायी.

झालं असं, की परगावचा एक छायाचित्रकार दिवसभरासाठी स्टुडिओ भाड्याने मागायला आला. दाढी, गळ्यात मफलर, आणि स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायची सवय. नग्नचित्रं काढायची आहेत, म्हणाला. ताई कचरली नाही, काम ते काम. तिने अट एकच घातली, "मागे करडा कागद लावा. पडद्याला हात लावायचा नाही."

त्याच्याबरोबर आलेली मॉडेल मोठी समजूतदार बाई. सैल झगा घालून लवकर येऊन बसली होती, कारण घट्ट कपड्यांचे वळ अंगावर राहिले तर फोटोत दिसतात. ते वळ जाईपर्यंत ती ताईच्या आईशेजारी बसून मटार सोलत होती.

"थंडी नाही का गं वाजत, असं उभं राहायचं म्हणजे?" आईने विचारलं.

"वाजते ना मावशी. त्याचेच तर पैसे घेते."

आईला ती फार आवडली.

मग ती करड्या कागदापुढे उभी राहिली. एवढी देखणी बाई, पण त्या मेल्या कागदाने तिचा पार रंग उडवला. उकडलेल्या बटाट्यासारखी दिसायला लागली. कलावंत मान तिरकी करून म्हणाला, "यात एक रितेपण आहे."

रितेपण कसलं डोंबलाचं! ताईला राहवेना. "जरा बाजूला व्हा," असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने दोरी सोडली आणि वडिलांचा पडदा खाली घेतला. त्या निळसर उजेडापुढे बाईची कांती अशी काही खुलली, की आतून डोकावणारी आईसुद्धा "अगोबाई!" म्हणाली. कलावंताने डोळे मिटून घेतले.

"या पडद्यात काळ साचलाय."

"धूळ साचलीय. झटकून देते," ताई म्हणाली.

मॉडेलने कॅमेऱ्याकडे पाठ केली, एक हात खांबावर ठेवल्यासारखा केला आणि तळ्याकडे बघत राहिली. तो फोटो निघाला. ताईने मनातल्या मनात वडिलांना सांगितलं, बघा बाबा, एवढं सुंदर माणूस तुमच्या बागेत अजून आलं नव्हतं.

त्या फोटोला कुठलंसं मोठं बक्षीस मिळालं. बक्षीस मिळालं म्हणून तो छापून आला, छापून आला म्हणून मोबाइलवर आला, आणि या मोबाइलवरून त्या मोबाइलवर उड्या मारत वस्तीत पोचला. झालं. सुधारणा समिती ताईच्या दारात.

समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे हेडसर म्हणत. बरोबर चिटणीस आणि दोन सभासद. ते तिघे आत येऊन छताकडे बघत उभे राहिले. हेडसरांनी मोबाइल पुढे धरला. बाईवर अंगठा ठेवला होता, म्हणजे अंगठ्याने जेवढी झाकता येते तेवढी झाकली होती.

"हा पडदा तुमचाच ना?"

"कशावरून?" ताईने विचारलं.

"कशावरून म्हणजे? दुसऱ्या खांबाला ठिगळ आहे. ती उभी आहे ना, तिच्या डाव्या अंगाला, कमरेच्या किंचित खाली, साधारण दोन बोटं. मोठं करून बघितलं की शिवणसुद्धा दिसते."

"शिवण मीही बघितली," चिटणीस इमानाने म्हणाले.

"एवढं बारकाईने बघितलंत सर?"

"समितीचं काम आहे. शहानिशा करावी लागते." हेडसरांनी घसा साफ केला. "त्या बाईबद्दल आमचं काही म्हणणं नाही. ती परकी, तिचं तोंडही दिसत नाही. पण पडदा आपला आहे! माझ्या वडिलांचा फोटो याच पडद्यापुढचा आहे. भिंतीवर वडील बघायला जावं तर मागे खांब दिसतात, आणि खांब दिसले की..."

की काय, ते सांगायला हेडसर धजले नाहीत. सभासदांनी मात्र माना डोलावल्या. त्यांच्याही घरात वडील होते.

निकाल असा लागला, की पडदा समितीच्या ताब्यात द्यायचा आणि समिती तो जाळणार. नाही दिला, तर वस्तीतलं कुणीही या स्टुडिओची पायरी चढणार नाही. कोपऱ्यावर काचेच्या दाराचा नवा स्टुडिओ टपूनच बसला होता. दोघी मायलेकी याच स्टुडिओवर जगत होत्या. ताई रडली, चिडली, स्वतःलाच नाही नाही ते बोलली. कागद काय वाईट होता? बटाटा तर बटाटा!

रविवारी चौघे पडदा न्यायला आले. पडद्याला हात लावायला एकही पुढे होईना, शेवटी ताईनेच उतरवून गुंडाळून दिला. तर हेडसर दारातच अडले.

"असा उघडा न्यायचा? रस्त्यात बायका-मुलं आहेत!"

"गुंडाळलाय की सर. बाग आतल्या बाजूला आहे."

"तरीपण."

तेव्हा आईला फुलाफुलांची चादर आणून द्यावी लागली. पडदा चादरीत लपेटला, दोरीने बांधला. एका टोकाला खांबाचा इवलासा तुकडा डोकावत होता, त्यावर चिटणिसांनी आपला रुमाल खोचला. मग चार प्रतिष्ठित माणसं खाली मान घालून भर रस्त्यातून ती अब्रू घेऊन गेली.

ताईने नंतर त्या मोकळ्या भिंतीकडे बघायचंच सोडलं. काही दिवसांनी आई म्हणाली, "पडदा गेला तो गेला. पण चादर नवी होती. ती घेऊन ये."

ताई गेली. दार हेडसरांच्या बायकोने उघडलं. हात ओले होते, धुणं चाललं होतं.

"चादर ना? वाळतेय बघ. आणि आलीच आहेस तर पडदापण ने."

"पडदा? जाळला नाहीत काकू?"

"जाळतायत कसले! वर चल."

माळ्यावर वाशांना पडदा नीट टांगला होता, एक सुरकुती नाही. समोर खुर्ची. खुर्चीत हेडसर, पुढे वाकून दुसऱ्या खांबाकडे टक लावून बसलेले. बागेत चिटपाखरू नव्हतं. दोघींना बघून ते ताडकन उठले.

"जाळण्याआधी एकदा शहानिशा..."

"रोज जेवण झालं की चालते ती शहानिशा," काकू म्हणाल्या.

ताईला हेडसर दिसलेच नाहीत. तिला तळं दिसलं, आणि तळ्यावरचा तो उजेड. तिचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले तसे तिने पुसले आणि गाठी सोडवायला पुढे झाली. हेडसरांनी खुर्ची मागे ओढून वाट दिली.

"थांब जरा," काकू म्हणाल्या.

त्या पडद्यापुढे गेल्या. हात पदराला पुसले, खांबाशेजारी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे तोंड केलं.

"लग्न झाल्यावर आमचा फोटो इथेच काढला होता. मी अशीच उभी होते. तुझे वडील सारखे सांगत होते, नवरीकडे बघा, अहो, नवरीकडे बघा. आणि हे आपले कॅमेऱ्याकडे बघतायत." मग त्या हेडसरांना म्हणाल्या, "आता पडदा चाललाय. बघा एकदा."

हेडसरांनी जमिनीकडे बघितलं, वाशांकडे बघितलं, ताईच्या हातातल्या दोरीकडेही बघितलं.

"चष्मा खाली राहिला," ते म्हणाले.

चष्मा नाकावरच होता. काकूंनी तो बघितला, ताईनेही बघितला. काकू खांबापासून बाजूला झाल्या.

"चल गं," त्या ताईला म्हणाल्या, "तू ते टोक धर, मी हे धरते."