मलई खाल्लेली टाकी

ईस्टरच्या लांब उपासाआधीच्या मंगळवारी मलई भरलेले गोड पाव खायचे, हे युंगहुल्ट गावात कोणाला सांगावं लागत नाही. बुधवार उजाडला की मात्र त्या पावांना कोणी विचारत नाही. बेकरीवाल्याने उरलेले अकरा ट्रे गावातला शेतकरी स्तूरे याच्या गाडीत चढवले. स्तूरेने ते सगळे गावाच्या गोबरगॅसच्या टाकीत ओतले, आणि वर डेअरीतल्या विटलेल्या मलईची चार पिंपंही रिकामी केली. स्निग्ध खाल्लं की टाकी गॅस जोरात सोडते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

शुक्रवारी टाकी फेसाळली. गॅस निम्म्यावर आला, आणि जो आला तो धड जळेना.

गुनवोर तेव्हा गोठ्यातलं शेण ओढत होती. वय चौऱ्याहत्तर, पदरी अठ्ठावीस गायी, मदतीला भाची. गावातल्या पाच गोठ्यांचं शेण त्या टाकीत जायचं आणि तिच्या गॅसवर शहराला जाणारी बस धावायची. पूर्वी ती डिझेलवर चालत होती आणि बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा गावाने बस मंडळाला सांगितलं, इंधन आम्ही देतो, धुराचंही तुमचं ओझं कमी होईल. मंडळ म्हणालं, एक हिवाळा बघू.

गुनवोरची नजर अधू झाल्यामुळे मागच्या वर्षी तिचा गाडीचा परवाना गेला होता. तिचा नवरा हेल्गे शहरातल्या शुश्रूषागृहात होता. झटका आल्यापासून तो फारसं बोलत नसे, पण ती आली की तिचा हात धरून बसे. बस गेली तर तो तिकडे आणि ती इकडे, एवढाच तिच्यापुरता हिशेब.

पाचही शेतकरी टाकीपाशी कॉफी घेऊन जमले. स्तूरेचं म्हणणं होतं, नेहमीपेक्षा जास्त शेण घालू, म्हणजे गॅस भरून येईल. मंडळाला सांगायचं, थंडीने झडप गोठली.

गुनवोरने नमुन्याचा डबा नाकाशी धरला. वास आंबट होता.

"धान्याच्या कोठीत शिरून फुगलेल्या गायीला तू आणखी धान्य घालतोस का?" तिने विचारलं.

"ही टाकी आहे, गुनवोर. गाय नव्हे."

"पोट आहे. शिंगं नाहीत म्हणून तुला कळत नाही."

बाकीचे हसले, स्तूरेही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

तिची आई अशा वेळी काय करायची ते तिने सांगितलं. आजारी गायीचं खाणं तोडायचं. मग शेजारच्या धडधाकट गायीच्या तोंडात हात घालून तिचा रवंथ काढायचा आणि आजारी गायीला भरवायचा. चांगलं पोट वाईटाला शिकवतं, असं ती म्हणे. टाकीलाही तेच लागेल. दुसऱ्या गावच्या टाकीतला चांगला शेणकाला आणायचा आणि इथला चारा बंद ठेवायचा.

"आणि बस कशावर चालेल?" स्तूरेने विचारलं.

ते मंडळालाच विचारायला हवं होतं. घरी येऊन ती फोनसमोर बसली. खरं सांगितलं तर बस आजच जाईल, अशी भीती तिला होती. पण आज झडप गोठली म्हटलं, तर उद्या रस्त्यात थांबलेल्या बसला काय गोठलं म्हणायचं?

तिने फोन लावला. बस मंडळातल्या पेर्निलाने पाव, पिंपं, फेस, सगळं ऐकून घेतलं. ट्रे किती होते ते तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "लोक मला बस बंद पडल्यावर फोन करतात. तुम्ही आधी केलात." शहरातल्या सांडपाण्याच्या प्रकल्पातला गॅस ती सिलिंडरांत भरून पाठवणार होती, पण दोनच आठवडे. तोवर टाकी सुधारली नाही, तर मंडळ बस काढून घेणार.

दुसऱ्याच दिवशी स्तूरे आपण होऊन शेणकाल्याचा टँकर घेऊन निघाला आणि साठ किलोमीटरवरून, बर्फातून, भरून परत आला. तशा त्याने तीन खेपा केल्या. आठवडाभर काहीच हललं नाही. मग वास बदलला. गुनवोरने शेण घालू दिलं, पण रोज थोडं थोडं, वासराला पाजावं तसं. बाराव्या दिवशी चाचणीची ज्योत निळी आणि सरळ उभी राहिली. स्तूरेने टोपी काढली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या आईला माझा नमस्कार सांग."

चौदाव्या दिवशी बस गावाचा गॅस भरून निघाली. गुनवोर टाकीवरून तशीच, कोट न बदलता, बसमध्ये चढली. शुश्रूषागृहात हेल्गेने तिचा हात धरला, तिच्या कोटाचा वास हुंगला आणि सावकाश विचारलं, "कोण आजारी होतं?"

तिने सगळं सांगितलं.

"रवंथ दिलास ना?" तो म्हणाला.

"तीन टँकर," गुनवोर म्हणाली, आणि परवा पुन्हा येते असं सांगून तिने त्याच्या स्वेटरचं बटण लावलं.