रविवारचा नियम

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी आमच्या गावच्या वाचनालयात माझं भाषण झालं. वाचनालय सांभाळणारी रिने कधीची मागे लागली होती. "मार्लिस, तू एवढी समाधानी कशी असतेस ते सांग ना लोकांना. तुझे ते नियम सांग."

बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढून मी निवृत्त झाले, त्याच वर्षी नवरा गेला, आणि जगणं जरा सोपं व्हावं म्हणून मी स्वतःपुरते काही नियम केले. उभ्यानं जेवायचं नाही. शेजाऱ्याचं घर बघून आपल्या घराला रंग द्यायचा नाही. कानावर आलेलं पुढे सांगायचं नाही; पोस्टातल्या बाईला हा फार जड गेला. आणि रविवारी फोन बंद. रिनेनं हे सगळं पिवळ्या कागदावर छापून खुर्च्याखुर्च्यांवर ठेवलं होतं.

तीस-पस्तीस माणसं आली. मिनेसोटाच्या या टोकाला एवढी माणसं एरवी मयतालाच जमतात. माझी थोरली बहीण आर्डिस तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर तिचा नवरा ऑर्व्हल, गुडघ्यांत काठी धरून.

मी बरी बोलले. लोक हसत होते, मलाही चेव चढला. मग गावात नवीन आलेली एक मुलगी उठली, कडेवर बाळ. "पण रविवारी काही झालं तर? कुणाला तुमची गरज लागली तर?"

"नऊ वर्षं झाली, बाळ," मी म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबू शकली नाही अशी एक गोष्ट अजून घडलेली नाही."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात कुणीतरी कॉफीसाठी उठलं, आणि त्याला वाट द्यायला ऑर्व्हलनं आपला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. सामान ठेवावं तसा.

माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं.

तीन हिवाळ्यांपूर्वीचा रविवार. छपरावरचा बर्फ काढताना ऑर्व्हल शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्यांचं घर मुख्य रस्त्यापासून अर्धा मैल आत, आणि ती वाट बर्फानं बुजलेली. शेजारी हिवाळा काढायला ॲरिझोनात गेलेले. बर्फ सारायचं पातं लावलेली गाडी होती ती माझी, सात मिनिटांवर. आर्डिसनं नऊ वेळा फोन केला. मी खिडकीशी बसून गोधडी शिवत होते.

सोमवारी सकाळी फोन चालू केला आणि लिंबाच्या वड्या घेऊन हॉस्पिटलात गेले. "रविवार होता गं," मी म्हटलं. आर्डिस म्हणाली, "माहितीये." डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर पाय नीट झाला असता की नाही, सांगता येत नाही. त्या एका वाक्याला धरून मी तीन वर्षं सुखानं झोपले. विसरले होते असंही नाही. घडी घालून आत ठेवून दिलं होतं.

रिनेला यातलं काय माहीत! ती लाडानं म्हणाली, "आर्डिस, तू घरचं माणूस. ही खरंच अशी आहे का गं?"

आर्डिसनं माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," ती म्हणाली. "अगदी अशीच आहे. शांत."

पुन्हा हशा. सगळे पांगल्यावर ती खुर्च्या मिटून भिंतीशी लावत राहिली. ऑर्व्हल माझ्याजवळ आला. "छान बोललीस हो. माझा एकच नियम: बायको बोलली की ऐकायचं, ऐकू आलं नाही तरी मान हलवायची." त्याला रागच नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. आर्डिस बटाटे सोलत होती.

"आज रविवार ना?" तिनं विचारलं.

"आर्डिस, काल मी जे बोलले..."

"लोकांना आवडलं की."

"तुम्ही दोघं समोर बसला होता आणि मी ते बोलले. मला लाज वाटते. मी माफी मागायला आलेय."

ती सोलत राहिली. "माफीचं मी काय करू? मला त्या दिवशी गाडी हवी होती." मग वर न बघता म्हणाली, "ॲम्ब्युलन्स रस्त्यावर अडली. ते लोक स्ट्रेचर घेऊन चालत आले. पन्नास मिनिटं. याचे दात वाजायला लागले तशी मी याच्या अंगावर पडून राहिले बर्फात. आणि एका हातानं तुला फोन लावत होते. चौथ्यांदा लावला तेव्हा कळलं होतं की तू उचलणार नाहीस. तरी लावत राहिले. दुसरं होतं कोण मला?"

हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मान खाली गेली ती वर येईना.

तिनं सुरी ठेवली. "गुरुवारी याला पायाच्या व्यायामाला न्यायचंय, डुलूथला. माझा खांदा दुखतोय, एवढी लांब गाडी चालवणं होत नाही. येशील?"

"येईन."

"सव्वाआठ. जमणार नसेल तर आत्ता सांग."

"येईन म्हटलं ना."

तिनं सुरी पुन्हा उचलली. जेवायला थांब असं म्हणाली नाही.

गुरुवारी मी पावणेआठलाच पोचले आणि अंगणात गाडीत बसून राहिले. आत जायचा धीर होईना. खिडकीतून आर्डिस खाली वाकून ऑर्व्हलच्या बुटाची नाडी बांधताना दिसत होती. त्यानं मला पाहिलं, हात हलवला. आर्डिसनंही वर पाहिलं, आणि पुन्हा नाडीकडे वळली. सव्वाआठ वाजता मी पायऱ्या चढले आणि त्याचा दंड धरला, जरा जोरातच.

"हळू गं," तो म्हणाला. "पळून जात नाहीये मी."