मधली घंटा

जुसब लोहाराच्या घराण्यात एक पथ्य होतं. एका आवाजाची दुसरी घंटा घडवायची नाही. का, ते त्याच्या बापानं सांगितलं नव्हतं आणि जुसबनंही विचारलं नव्हतं. बाप असा, की त्याला प्रश्न विचारण्यापेक्षा हातोडी अंगावर घेणं परवडलं असतं. आवाज वेगळे असले की ज्याचं जनावर त्याला अंधारातही कळतं, एवढंच कारण सगळे धरून चालले होते.

तरी रोमत येऊन भट्टीपाशी बसली, तेव्हा म्हातारा विरघळला. थंडीच्या तोंडावर तिचा नवरा लधा धुक्यात खाडीच्या चिखलात उतरला होता, आपल्या लाखी नावाच्या सांडणीला शोधायला. सांडणी आली नाही आणि लधाही आला नाही. प्रेतही हाती लागलं नाही. मौलवी म्हणाले, आता इद्दतला बस, विधवेचे चार महिने दहा दिवस घरात काढ. रोमत म्हणाली, "मेलेला दाखवा, बसते." आणि लोहाराकडे तिनं लाखीच्या आवाजाची घंटा मागितली.

"ते वाट चुकलेत, जुसबचाचा. ओळखीचा आवाज ऐकला की त्या रोखानं येतील."

जुसबनं घडवलेला प्रत्येक आवाज त्याच्या डोक्यात असायचा. काठावर ठोकत ठोकत त्यानं तो आवाज पुन्हा आणला. तेव्हापासून धुकं पडलं की रोमत किनाऱ्यावर उभी राहून घंटा वाजवायची. वस्तीतल्या बायका पुढ्यात काही बोलत नसत. पाठीमागे मात्र म्हणत, कशाला जिवाला एवढा घोर, इद्दत सरली की दीर आहेच की. दीर म्हणजे लधाचा धाकटा भाऊ, सुमार. हे बोलणं सुमारच्या कानावर आलं होतं. ऐकून त्याला वाईट वाटलं नव्हतं, आणि वाईट का वाटलं नाही, या विचारानं त्याची झोप उडाली होती.

एका सकाळी ओहोटीच्या वेळी सुमार उंटांना बेटाच्या पलीकडच्या तिवरांत सोडून चिखलातून परतत होता. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. पुढे धरलेला हातही दिसेना. तेवढ्यात डाव्या बाजूनं घंटा वाजली. भाभी वाजवतेय, म्हणजे किनारा तिकडे, असं म्हणून तो डावीकडे वळला. घंटा पुन्हा वाजली ती उजवीकडे. तो थांबला. मग ती डावीकडून निघाली, त्याच्या समोरून, हाताच्या अंतरावरून गेली आणि उजवीकडे पोचली. थोडी थांबून परत फिरली. घंटा चालत होती. कोणीतरी सांडणीची दोरी धरून, घाई नसल्यासारखं, त्याच्या पुढ्यातून येरझारा घालत होतं.

"भाई?" सुमारनं हाक मारली.

घंटा तेवढी चालत राहिली. खाली चिखलात पाऊल वाजत नव्हतं, उंटाचा वासही नव्हता. तरी सुमारचे पाय तिच्या मागेच चालले. थोरला भाऊ पुढे चालला असेल तर धाकट्यानं काय करावं? गुडघ्यापर्यंत पाणी आलं, कमरेला आलं. भरती लागली होती, आणि ते त्याच्या लक्षात येत नव्हतं.

पाय घसरला आणि तो कुशीवर आपटला. उजव्या कानात चिखल गच्च बसला. उठून उभा राहिला तर पुढे चालणारा नाहीसा झालेला. आता घंटा चालत नव्हती. एक आवाज मोठा येत होता, एक बारीक. त्यानं मान फिरवली तेव्हा बारीक होता तो मोठा झाला. दोन घंटा होत्या. एक मधेच थांबायची, पाला ओरबाडताना जनावराची थांबते तशी. दुसरी थांबतच नव्हती, दमलेल्या हातानं एकसारखी वाजत होती. सुमार त्या दमलेल्या हाताकडे चालत सुटला आणि किनाऱ्याला लागला.

दुपारी धुकं फाटलं. बेटाच्या काठाला लाखी उभी होती, गळ्यात घंटा, निवांत तिवर चघळत. बेटावरच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी उरलं होतं, त्यावर ती जगली होती. मधे भरतीचं पाणी, त्यामुळे उद्याच्या ओहोटीला तिला आणायचं ठरलं. संध्याकाळी सुमारनं सगळी हकिगत रोमतला आणि जुसबला सांगितली.

"मधे कोण होतं मग?" रोमतनं विचारलं.

"कोणी नाही, बेटा," जुसब म्हणाला. "इकडे एक आवाज झाला आणि लगेच तसाच तिकडे झाला, की डोक्याला वाटतं एकच वस्तू इकडून तिकडे गेली. दोन कान दोन टोकं सांगतात. मधली पावलं डोकं आपल्या पदरची टाकतं. एक कान बुजला म्हणून हा वाचला. पथ्य कशासाठी होतं ते मला या वयात कळलं, आणि तेही मोडल्यावर. ती घंटा दे इकडे, वितळवतो."

रोमतनं घंटा पोटाशी धरली. "सुमार, चाल कशी होती?"

खोटं बोलायचं सोडून तो खरं बोलून गेला. "भाईसारखी. सावकाश."

दुसऱ्या सकाळी पुन्हा धुकं. सुमार किनाऱ्यावर आला तर रोमत त्याचीच वाट पाहत होती. तिनं घंटा त्याच्या हातात दिली.

"तू वाजव. मी मधे जाते."

"भाभी, डोकं फिरलंय का? तिथं कोणी नाही. चाचानं सांगितलं ना."

"चाचाला काय, त्याची बायको घरात बसलीय. एकदा चाल ऐकते आणि येते. तू वाजवत राहा, म्हणजे मला किनारा कळेल."

तो हात धरणार तोवर ती धुक्यात शिरली होती. मागे धावला असता तर घंटा बंद पडली असती, आणि त्या पांढऱ्या आंधळेपणात ती त्याला सापडलीही नसती. त्यानं वाजवायला सुरुवात केली. बेटावरून लाखीच्या घंटेनं उत्तर दिलं.

थोड्या वेळानं रोमतचा आवाज आला. ती हाका मारत नव्हती, बोलत होती. चुलीपाशी बसून नवऱ्याशी बोलावं तसं हळू, मधे मधे कुणी काही विचारल्यासारखं थांबून. एकदा ती हसली. लधा गेल्यापासून सुमारनं ते हसू ऐकलं नव्हतं. बोलणं लांब लांब जात होतं, किनाऱ्याकडे नाही, खाडीच्या खोल अंगाला. सुमारच्या टाचांना पाणी लागलं. भरती लागली होती.

वाजवत राहिलं तर भाई चालत राहणार आणि ती त्याच्या मागे जाणार. थांबवलं तर तो तिथेच संपणार. सुमारनं घंटेचा लाकडी लोळा मुठीत दाबून धरला.

पलीकडे लाखीची घंटा एकटीच वाजली, एकाच जागी.

"सुमार, वाजव," रोमत म्हणाली.

त्यानं मूठ सोडली नाही.

"वाजव रे. ते थांबलेत. काय झालं म्हणून बघतायत माझ्याकडे." मग तिचा आवाज फुटला. "गेले. सुमार, गेले ते."

"भाभी, इकडे," तो ओरडला. "माझ्या आवाजावर या." घसा बसेपर्यंत तो तेवढंच ओरडत राहिला. कितीतरी वेळानं ती धुक्यातून बाहेर आली, छातीपर्यंत भिजलेली. त्यानं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. वाळूवर बसून तिनं ओढणीचं टोक पिळलं, मग दुसरं पिळलं.

"आता बसते इद्दतला," ती म्हणाली. "उठले की मौलवी निकाहासाठी तुझंच नाव काढतील. ठाऊक आहे ना?"

सुमारनं मान डोलावली.

"घंटा थांबवलीस तेव्हाही ठाऊक होतं?"

तिला वाचवायला थांबवली, हे तोंडाशी आलं होतं. ते खरंही होतं. पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"होतं," तो म्हणाला.