वारुळावर पसरलेली घोंगडी

मी घोंगडी आहे, काळ्या मेंढीच्या लोकरीची. सणगराने मला विणले, चिंचोक्यांची खळ पाजली आणि पाली गावच्या गेनबाच्या लग्नात मी त्याच्या घरी आले. तेव्हापासून गेनबा आणि सगुणाबाई माझ्याच उबेला झोपत. त्यामुळे गेनबावर आपलाही थोडा हक्क आहे, असे मी धरून चालले होते.

एकदा तांदळाची गाडी घेऊन तो सारोळ्याला मुक्कामी गेला. सोबतीला भोरचा गाडीवान शफी होता. तिथे एका बाईने गेनबाला घरात बोलावले आणि या गृहस्थाने मला चक्क बैलाच्या पाठीवर टाकले! आत तिची पट्ट्यापट्ट्यांची सुती चादर होती. चहा प्यायला लागेल तेवढ्या वेळात तो परत आला, पण अंगाला त्या चादरीचा वास घेऊन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वाटेत शफीने त्याला चिडवले, की असल्या अंथरुणातल्या उवा डोक्यात नाही, भलत्याच जागी बिऱ्हाड करतात. शिवाय गरमीचा गुप्तरोग लागतो तो वेगळाच. झाले, घर येईपर्यंत गेनबाला खाज सुटली.

घरी तो मला अंगाला लावेना. ओसरीवर पोत्यावर एकटा निजू लागला. आपले दुखणे बायकोला लागेल ही त्याची धास्ती खरी होती, पण सांगायची छाती नव्हती. तिने खोदून विचारले तेव्हा त्याने सगळे माझ्यावर ढकलले. म्हणे घोंगडीत उवा झाल्यात. मजा मारली त्या चादरीने आणि बदनाम मी!

आमच्याकडे उवा झालेले पांघरूण मुंग्यांच्या वारुळावर पसरतात. मुंग्या उवा-लिखा वेचून नेतात. सगुणाबाईंनी मला पसरले आणि शेजारी तांदूळ निवडत बसल्या. मुंग्या आल्या आणि माझ्यावरून तशाच पलीकडे गेल्या. एकीच्याही तोंडात काही नव्हते. सगुणाबाईंनी मला उलटे करून पाहिले, खांद्यावर टाकले आणि त्या गेनबासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"घोंगडीत काय बी न्हाई. तुमी कुठं निजला हुता?"

गेनबाने मान खाली घालून सगळे सांगितले. "तुला लागू न्हाई म्हनून लांब ऱ्हायलो," तो म्हणाला.

"जाताना ही काळजी कुठं हुती?"

त्यांनी त्याला भोरच्या दवाखान्यात धाडले. डॉक्टर म्हणाले, उवा नाहीत, खाज धास्तीची आहे. गरमी मात्र उशिरा दिसते, तेव्हा काही महिने बायकोपासून लांब राहा आणि पुन्हा दाखवायला या. ते सगळे महिने सगुणाबाई मला एकट्याच पांघरत. मला ते फार आवडे.

हिवाळा लागताच डॉक्टरांनी त्याला निरोगी ठरवले. सगुणाबाईंनी बराच विचार केला आणि माझा काठ उचलला. गेनबा आत शिरला. मी लोकरीची, टोचणे माझ्या अंगचेच. पूर्वी तो खुशाल खाजवी. आता मांडी चुरचुरली, हात निघाला, तोच सगुणाबाईंनी डोळे उघडले.

"काय हुतंय?"

"कुठं काय," म्हणत तो दात आवळून पडून राहिला.

तेव्हापासून रोज असेच चालले आहे. मी टोचू नये म्हणून मला आतून जुने लुगडे लावता येते, हे सगुणाबाईंना अजून सुचलेले नाही. तुम्ही सुचवू नका. निदान हा हिवाळा तरी जाऊ द्या.