टेकाडाच्या पोटात

सासूबाईंच्या गावाबाहेर, दोन शेतं ओलांडली की ते थडग्याचं टेकाड लागतं. हजारो वर्षांपूर्वी कुणा सरदाराला पुरलं, वर दगड रचले, त्यावर माती लोटली. आता नुसतं गवत. पोटात एक दगडी खोली आणि तिथवर जाणारी बुटकी वाट. रांगतच जायचं, तेही एका वेळी एकानंच, असं राखणदाराने बजावलं.

मीच आधी गेले. ठमी भुकेने किरकिरत होती आणि बाहेर वारा झोंबत होता. सात महिन्यांच्या लेकीला छातीशी बांधून, गुडघे सोलत आत पोचले, भिंतीला टेकले आणि तिला पाजायला घेतलं. तिने इवलीशी मूठ माझ्या गळ्याशी रोवली. सरदाराची हाडं कधीच शहरात नेली होती. खोली आमची दोघींचीच.

मग बाहेरचं बोलणं ऐकू आलं. कानाशी तोंड लावून बोलावं इतकं स्वच्छ. ती वाट म्हणजे लांबलचक नळीच.

नवरा आईला सांगत होता की उद्या निघताना गाडीपाशीच तिला सांगू, आधी कळलं तर तमाशा करेल. सासूबाई म्हणाल्या, पाळणा तर आणूनच ठेवलाय, पोर राहील माझ्यापाशी, तीन वर्षांची झाली की न्या.

तो पाळणा! काल आल्याआल्या मी त्यावरून हात फिरवला होता. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी एवढी माया, म्हणून भरून आलं होतं मला. पुढच्या महिन्यात मी कामावर रुजू होणार, ठमी आमच्या गल्लीतल्या पाळणाघरात राहणार, हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. खिडकीला जाळी आहे ना, हे तिथल्या बाईंना यानेच विचारलं होतं. आणि आता माझी लेक म्हणजे परस्पर हलवायचं सामान?

"रडेल दोन दिवस," नवरा म्हणाला. "मग होईल सवय."

कोण रडेल, ते त्याने सांगितलं नाही. ठमी दचकेल म्हणून ओरडता येईना. राग दाताखाली धरून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

थोड्या वेळाने त्याने हाक मारली, आवर, लोक खोळंबलेत.

"आवरलंय," मी म्हटलं. "पण मी येत नाही."

राखणदाराने विनवलं. रांगेतल्या कुणी आजोबांनी बाई अडकल्यात का म्हणून चौकशी केली. अडकली नाही, अडून बसलीय, असं सासूबाईंनी त्यांना सांगितलं.

शेवटी नवराच रांगत आला. खोलीच्या तोंडाशी त्याचं डोकं दिसलं, केसांत माती. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं तोंड माझ्याकडे आणि पाठ आईकडे होती.

"सगळं ऐकलं मी. ठमी माझ्याबरोबर येणार. हे मला मान्य नाही, असं त्यांना सांग."

"बाहेर जाऊन सांगतो."

"इथूनच सांग. चांगलं ऐकू जातं."

आईला वाईट वाटेल, असं काहीसं तो पुटपुटला. मी म्हटलं, वाटू दे, उद्या गाडीपाशी मला वाटणारच होतं की.

वळायला जागा नव्हती. ठमी दूध सोडून बापाकडे बघून हसली, तिला बिचारीला काय ठाऊक. मान खाली घालून तो मोठ्याने म्हणाला, "आई, ठमी आमच्याबरोबर येतेय. पाळणाघर ठरलंय."

मग सासूबाईंचा आवाज आला, "आणि त्या पाळण्याचं काय करू?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. ठमीचं तोंड पुसत मी ते गिळलं.

तो उलटा सरकत निघाला. डोकं दोनदा दगडावर आपटलं. मी एकदाही 'सांभाळून' म्हटलं नाही.