माझ्या घरघरीची खोटी साक्ष

मी एक जुना फ्रिज आहे. क्युबात, हवानाच्या खाडीपलीकडे रेग्ला नावाची वस्ती आहे, तिथे एनेइदाच्या स्वयंपाकघरात मी उभा असतो. माझा पत्रा अमेरिकेतला, पोटातली मोटर रशियन, आणि दाराची रबरी पट्टी एनेइदाच्या नवऱ्याने सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवलेली. तो आता नाही. पट्टी अजून आहे.

मित्रांनो, फ्रिज थंडी तयार करतो असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. मी फक्त आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हे काम थांबलं की उष्णता पुन्हा आत शिरते. तिला कोणी बोलवावं लागत नाही. आणि हे काम करताना मी घरघरतो. एनेइदाचा मुलगा लिओनेल लहानपणी या आवाजाशिवाय झोपत नसे. तिने त्याचा पाळणाच माझ्याशेजारी आणून ठेवला होता. म्हातारपणी मात्र माझी घरघर फार वाढली. पुढे जे घडलं, त्याचं मूळ या आवाजात आहे.

एनेइदाच्या खिडकीतून खाडी दिसते, म्हणून सिनेमावाल्यांनी शुक्रवारसाठी तिचं घर मागून घेतलं. ती बहिणीकडे राहायला गेली. जाण्याआधी तिने डुकराची एक मोठी तंगडी आंबट संत्र्याच्या रसात आणि लसणात मुरवून माझ्या आत ठेवली. तिच्या भावाने ती खेड्यातून आणली होती. बोटीवर नोकरी करणारा लिओनेल कितीतरी वर्षांनी रविवारी घरी येणार होता. एनेइदाने माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाली, "सांभाळ रे म्हाताऱ्या."

सिनेमावाल्यांमध्ये आवाज टिपणारा ओस्मेल होता, आणि त्याच्या हाताखाली याइलीन. ती माध्यमांचं शिक्षण घेत होती आणि काम शिकायला पहिल्यांदाच चित्रीकरणाला आली होती. ओस्मेलने कानांवर हेडफोन चढवले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा कोण घोरतोय?"

"फ्रिज आहे, मास्तर."

"बंद कर त्याला. आणि तुझ्या घराची किल्ली त्याच्या आत ठेव."

"किल्ली? ती काय नासणार आहे का?"

"अगं, घरी जाताना किल्ली लागेल, मग फ्रिज उघडशील, मग प्लग लावायचं आठवेल. आम्ही आवाजवाले सगळे असंच करतो."

"किल्ली तर मी नेहमीच विसरते, मास्तर. शेजारीण दार उघडते. पण खाणं कधी विसरत नाही. माझा पेरूच्या मुरंब्याचा पाव ठेवते."

"पोटावर भरवसा? बघ बाई."

तिने प्लग काढला, पाव आत ठेवला, आणि मी गप्प झालो.

दुपारच्या सुट्टीत तिला भूक लागली. तिने पाव काढला आणि उभ्याउभ्या खाल्ला. चित्रीकरण अजून चालू होतं, म्हणून प्लग तसाच राहिला. पण आता माझ्या आत तिचं काहीच उरलं नव्हतं. संध्याकाळी ओस्मेल म्हणाला, "एवढा लांब दांडा धरलास, पण माइकची सावली एकदाही पडली नाही. शाबास!" त्या आनंदात ती उड्या मारत गाडीत जाऊन बसली.

उष्णता हळूहळू आत येत गेली. आधी बर्फाचं पाणी झालं, मग ते पाणी कोमट झालं. मी कोणाला हाक मारणार? माझी हाक म्हणजे घरघर, आणि तीच काढून घेतलेली होती.

शनिवारी दुपारी ओस्मेल आणि याइलीन राहिलेल्या वायरी न्यायला आले. एनेइदा नुकतीच परतली होती. तिने माझं दार उघडलं आणि नाकाला पदरासारखा ॲप्रन लावला.

"अरे देवा! माझी तंगडी!"

"रात्री वीज गेली असणार," ओस्मेल म्हणाला. "आमच्याकडे तर पहाटेपर्यंत नव्हती. इकडे अजून आलेली दिसत नाही."

"मेली ती वीज! आठवडाभर कधीही जायचं होतं, कालच मुहूर्त सापडला?"

याइलीन वायर गुंडाळायला माझ्यामागे वाकली होती. तिला जमिनीवर पडलेला प्लग दिसला. तिने एकदा एनेइदाकडे पाहिलं. मग तिने हळूच तो भिंतीत खोचला.

मी घरघरू लागलो.

"आली बघा!" एनेइदा ओरडली. "आता येऊन काय माझं सांत्वन करणार?"

मित्रांनो, त्या क्षणी मला थांबता आलं असतं, तर मी थांबलो असतो. पण वीज मिळाली की मोटर फिरते. खरंखोटं तिला कळत नाही. ज्या आवाजावर या घरातलं बाळ निर्धास्त झोपलं, त्याच आवाजाने मी त्या बाळाच्या आईला फसवलं. एनेइदाने तर याइलीनला कॉफी करून दिली. "पोर बघा कशी पांढरी पडली. माझ्या तंगडीचं दुःख तिलाच जास्त!" याइलीनने कप ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. कॉफी तशीच राहिली.

रविवारी सकाळी एनेइदा काळा घेवडा शिजवत होती. घेवडा आणि थोडे कंद सोडून घरात दुसरं काही नव्हतं. दार वाजलं. बाहेर याइलीन एकटीच उभी होती.

"मावशी, वीज गेली नव्हती. प्लग मी काढला होता. आणि काल गुपचूप लावला, तोही मीच."

एनेइदाच्या हातातला डाव तसाच राहिला.

"आणि वर माझी कॉफी वाया घालवलीस?"

"गिळवेना, मावशी. मास्तरांनाही सांगणार आहे. मग बहुतेक ते मला पुन्हा बोलावणार नाहीत."

"त्यांना तूच सांग. मी तुझी वकील नाही आणि फौजदारही नाही." तिने घेवडा दोनदा ढवळला. मग एनेइदा म्हणाली, "दारात उभी राहू नकोस, माश्या येतात. हा कंद सोल. माफ केलं असं समजू नकोस."

याइलीन खाली मान घालून कंद सोलू लागली. दुपारी लिओनेल आला. आईला मिठी मारून झाल्यावर त्याने माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"अजून घोरतो हा?"

"घोरतो," एनेइदा याइलीनकडे बघत म्हणाली, "लोक घोरू देतील तेव्हा."

याइलीनचे कान लाल झाले. लिओनेलला काही कळलं नाही. त्याने घेवडा दोनदा वाढून घेतला आणि आईने कबूल केलेल्या तंगडीचं नावही काढलं नाही. याइलीनला ते जास्तच लागलं असावं. मला तरी लागलं.

मित्रांनो, तुमच्या कामासाठी कधी दुसऱ्याचं यंत्र बंद करावं लागेल. जरूर करा, आम्हाला राग येत नाही. पण आधी दार उघडून बघा, कोणी आमच्या भरवशावर काय ठेवलं आहे ते. मग तिथे तुमची अशी एखादी वस्तू ठेवा, जिच्याशिवाय तुम्हाला घरी जाता येणार नाही. आणि तरीही चूक झालीच, तर ती स्वतःच्या तोंडाने सांगा. आमच्या आवाजाआड लपू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण सगळं आमच्या पोटात राहतं.