काडीची साक्ष

पथकाच्या मोठ्या सरांची शिट्टी वाजली की मैदानावरची शे-दीडशे पोरं होती तिथं उभी राहायची. धावणारं पोर एक पाय पुढं टाकून, भांडणारं पोर हात उगारून. गळपट्ट्यांच्या फडफडीखेरीज काही हलायचं नाही. ताईनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे वडील नुकतेच गेले होते, घरी आई कुणाशी धड बोलत नव्हती, आणि ती धाकट्या भावाचं बोट धरून पथकात नाव घालायला आली होती. घरात जे उरलं नव्हतं ते सगळं तिला त्या मैदानावर दिसलं. ती तिथलीच झाली.

पथकानं तिला तंबू ठोकायला शिकवलं, नकाशा वाचायला शिकवलं, गर्दीपुढं न चाचरता बोलायला शिकवलं. पुढं गावातल्या तुकडीची ती प्रमुख झाली. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "इतकी पोरं सांभाळते आहे, त्यात आणखी एक कशाला?" पोरंच काय, पोरांचे आईबापही तिला ताई म्हणत.

भाऊ लहानपणी इतका हडकुळा होता की सगळे त्याला काडी म्हणायचे. आता चाळिशी उलटली, पोट सुटलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याचं केस कापायचं दुकान होतं. पथक त्यानं कधीच सोडलं होतं. 'कंटाळा आला' म्हणाला होता, आणि ताईनं ते खरं धरलं होतं.

मग एके दिवशी शेजारच्या शहरातली एक बाई पोलिसांत गेली. शिबिरात मोठ्या सरांनी माझ्या मुलाशी घाणेरडे चाळे केले, असं तिनं सांगितलं. पथकात एकच गहजब झाला. सरांच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून विश्वस्तांनी मोठी सभा ठरवली, आणि जुन्या मुलांना बोलायला आणायचं काम ताईवर आलं.

सुट्टीच्या दुपारी ती काडीच्या दुकानात गेली. दार अर्धं ओढलेलं होतं. तो नेहमीप्रमाणे तिचे केस कापायला लागला आणि ती आरशातल्या त्याच्याशी बोलायला लागली.

"दोन शब्द बोल रे. सरांचा लाडका होतास तू. त्या बाईचं पोर काहीच्या बाही बरळतंय, आणि आपण गप्प बसायचं?"

कात्री थांबली.

"तो मुलगा खोटं बोलत नाहीये, ताई."

"तुला काय माहीत?"

काडी आरशात बघत राहिला. "माहीत आहे," तो म्हणाला. "मी अकरा वर्षांचा होतो."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर खाडकन पाडलं. त्यानं सांगितलं ते थोडंसंच. सामानाची खोली, शिबिराची शेवटची संध्याकाळ, आणि नंतर सरांनी त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात. आवाज चढला नाही की घोगरा झाला नाही.

"मला सांगायचं होतंस रे," ती कशीबशी म्हणाली.

"बाबा गेल्यावर तुला पथकाशिवाय होतं काय? तेवढंही मी काढून घेऊ?"

ती उठायला गेली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब, डावी बाजू राहिली आहे. अशी बाहेर गेलीस तर माझं दुकान बंद पडेल."

ती बसली. तो कापत राहिला. केस कापून घेताना रडू आलं तरी मान हलवता येत नाही हे तिला तेव्हा कळलं. आणि हेही, की ज्याला आपण हात धरून रस्ता ओलांडायला शिकवलं त्यानं इतकी वर्षं आपल्याला खांद्यावर उचलून धरलं होतं. आरशातल्या त्या पोटसुट्या, टक्कल पडत चाललेल्या माणसाकडं ती बघतच राहिली.

विश्वस्तांच्या बैठकीत तिनं सांगितलं, सभा रद्द करा आणि सरांना आजच दूर करा. विश्वस्तांतले डॉक्टर म्हणाले, "ताई, घरातली धुणी अशी चव्हाट्यावर धुवायची नसतात. सर म्हणजे देवमाणूस. चार लोकांच्या बोलण्यावरून पन्नास वर्षांची संस्था मातीत घालायची का?"

"देवमाणूस असतील तर देवळात ठेवा," ताई म्हणाली. "पोरांत नको."

सभा झाली. ताई गेली नाही. त्याच दिवशी तिनं आपल्या तुकडीच्या पालकांना मैदानावर बोलावलं आणि सरळ सांगितलं की उद्यापासून ही तुकडी बंद. का, तेही सांगितलं. एक बाप तिच्या अंगावर धावून आला. काहीजणी मान फिरवून निघून गेल्या. त्या पुढंही कधी बोलल्या नाहीत. एक चिमुरडी मात्र तिच्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मग आपलं शिबिर कधी?" सगळ्यांत कठीण तेच गेलं.

काडी पोलिसांत जाऊन आला. नाव छापलं गेलं नाही, पण गावाला काय सांगावं लागतं? गिऱ्हाईक रोडावलं. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. तो वस्तऱ्याला धार लावत बसायचा.

अशात एक ट्रकवाला आला. धिप्पाड गडी, मिशा अशा की लिंबू ठरावं. दाढी करायला बसला. तोंडभर फेस लावून झाला तेव्हा डोळे मिटूनच म्हणाला, "मी पण."

काडीनं वस्तरा खाली ठेवला. गालांवरचा फेस वाळून गेला.

ट्रकवाल्यानंतर एक शाळामास्तर आला, मग एक बेकरीवाला, मग परगावाहून आलेला, कोट घातलेला एक साहेब. कुणी दाढीला बसे, कुणी नुसताच बाकावर. ताई संध्याकाळी दुकानात जाऊन बसायची. ही माणसं एकमेकांना नाव न विचारता ओळखत होती. ते पाहताना तिच्या अंगावर काटा यायचा.

तिकडं पथक ढासळत होतं. आधी शाळांनी आपली मैदानं काढून घेतली, मग देणगीदारांनी हात आखडला, मग एकेक तुकडी ओस पडली. सभागृहावरची सरांच्या नावाची पाटी कुणी उतरवली कळलंही नाही. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. एवढं थोरलं काम, आणि ते पाडायला कुणाला घण उचलावा लागला नाही. काही माणसं खरं बोलली, बस.

खटला उभा राहिला. काडी साक्षीला गेला तेव्हा ताई मागच्या बाकावर बसली. सरांच्या वकिलांनी बराच वेळ त्याला फिरवून फिरवून विचारलं. शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं गप्प का बसलात?"

काडीनं विचार केला. "मला कुणी विचारलंच नव्हतं, साहेब. पहिल्यांदा ताईनं विचारलं, तुला काय माहीत. मग मी सांगितलं."

ताईनं तो प्रश्न रागानं फेकला होता. त्यानं तो खरा प्रश्न मानून झेलला होता. भरल्या कोर्टात तिनं तोंडावर पदर धरला.

सर दोषी ठरले. त्यांना नेताना ताईनं पाहिलं. एक म्हातारा, खांदे पडलेला, पायरी चुकू नये म्हणून खाली बघत चाललेला. ज्याच्या शिट्टीनं मैदान थिजायचं तो माणूस हा? पथक त्याच वर्षी कायमचं बंद झालं. बंद करण्याचा ठराव ताईनंच मांडला आणि घरी येऊन दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. तंबूंची, गाण्यांची, पहाटेच्या चालीची आठवण येतच राहिली. त्या गोष्टी खोट्या नव्हत्या, आणि हेच तिला सोसवत नव्हतं.

पण निकालाच्या त्या दुपारी असं झालं. सगळे कोर्टाबाहेर पायऱ्यांवर उभे होते, काय करावं कुणालाच सुचेना. बेकरीवाला म्हणाला, "चहा घ्यायचा का?" समोरच्या हॉटेलात टेबलं जोडून सगळे दाटीवाटीनं बसले. ट्रकवाल्यानं त्याच्या क्लीनरचा काहीतरी किस्सा काढला, साहेबाला ठसका लागला, मास्तर हसता हसता खुर्चीवरून घसरले. काडी तर डोळे पुसत होता.

ताईनं त्याला असं गदागदा हसताना पाहून किती वर्षं झाली होती, तिला आठवेना. मालक गल्ल्यावरून ओरडला, "अहो, जरा हळू! बाकीची गिऱ्हाइकं आहेत."

कुणी ऐकलं नाही.